चहाचा ‘मळा’ का म्हणतात?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



पेणहून नागोठण्याकडे जाताना वडखळ मागे पडलं की डोलवी येते. महामार्गाला लागूनच भला मोठा पोलाद कारखाना आहे, पलीकडे धरमतरची खाडी आहे आणि रस्त्याच्या कडेला, जिथे जागा मिळेल तिथे, चहाच्या टपऱ्या आहेत. अशा टपरीपाशी दहा मिनिटं उभं राहिलं तरी एकाच पेयाची तीन-चार नावं कानावर पडतात. गावातला माणूस ‘चा’ मागतो. उत्तरेकडून कामाला आलेला कामगार ‘चाय’ मागतो. दक्षिणेतून ट्रक घेऊन आलेला चालक ‘टी’ म्हणतो. आणि पाटीवर रंगवलेलं असतं ‘चहा’. टपरीवाला कोणाचीच भाषा दुरुस्त करत नाही. किटली एकच असते.

ही सगळी नावं एकाच चिनी अक्षरातून निघालेली आहेत, हे सांगितलं तर त्या टपरीवर कोणाला खरं वाटणार नाही. चिनी लिपीत चहासाठी जे अक्षर आहे, त्याचा उच्चार चीनच्या बहुतेक भागांत ‘चा’ असा होतो. फूच्यान प्रांताच्या किनाऱ्यावर, अमॉय बंदराच्या आसपास, तेच अक्षर ‘ते’ असं वाचतात. खुष्कीच्या वाटेने चहा इराणकडे गेला, तो ‘चा’ घेऊन गेला. तिथे त्याचं ‘चाय’ झालं आणि ते तुर्कीत, रशियनमध्ये, हिंदीत पसरलं. डच व्यापाऱ्यांनी मात्र ‘ते’ उचलला. इंग्रजांचा ‘टी’ त्यातूनच आला. तमिळमध्ये चहाच्या पत्तीला ‘तेयिलै’ म्हणतात, म्हणजे ‘ते’चं पान. जमिनीवरून गेला तो ‘चा’ आणि समुद्रावरून गेला तो ‘ते’, असा एक ढोबळ नियम सांगतात. त्याला मोठा अपवाद आहे तो पोर्तुगिजांचा. ते समुद्रानेच हिंडत होते, पण त्यांचं ठाणं होतं कँटनजवळच्या मकावला. म्हणून त्यांनीही ‘चा’च घेतला. आणि हे पोर्तुगीज आपल्याला परके नव्हते. डोलवीहून निघालं तर दोन तासांत पोहोचता येईल अशा चौल-रेवदंड्याला त्यांचा अंमल दोनशेहून अधिक वर्षं, १७४० पर्यंत होता. तेव्हा मराठीने हा शब्द फारसीकडून घेतला की पोर्तुगिजांकडून, यावर फार भांडण्यात अर्थ नाही. दोघेही आपल्या दारात उभेच होते.

मराठीने त्यात स्वतःची भर घातली, ती ‘ह’ची. कानडीतही ‘चहा’ आहे. गंमत म्हणजे जिथे चहा पिकतो त्या आसामच्या भाषेतही शब्दाच्या शेवटी ‘ह’ लिहितात. शिवाय हिंदीत ‘चाय’ ती असते, आपल्याकडे ‘चहा’ तो झाला.

आपल्या भागात चहा आधी आला तो औषध म्हणून. १६८९ मध्ये सुरतेच्या प्रवासाला निघालेल्या जॉन ओव्हिंग्टन नावाच्या इंग्रज पाद्र्याने लिहून ठेवलं आहे, की तिथले लोक चहा उकळताना त्यात गरम मसाले घालतात, खडीसाखरेबरोबर पितात आणि डोकेदुखीवर, पोटाच्या कळांवर तो गुणकारी मानतात. म्हणजे ज्याला आपण घरात ‘उकाळा’ म्हणत आलो, त्या भांड्यातच ही नवी पत्ती पडली. मसाल्याचा चहा ही कोणा हॉटेलवाल्याची युक्ती नव्हे.

पुढे दोनशे वर्षांनी याच चहाने पुण्यात एक जुना शब्द गाजवला. तो शब्द ‘ग्रामण्य’. जातीचा नियम मोडला म्हणून एखाद्याला वाळीत टाकण्यावरून जो वाद उभा राहतो, तो ग्रामण्य. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही मंडळींना व्याख्यानासाठी बोलावलं होतं. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक, गोपाळ कृष्ण गोखले त्यांत होते. व्याख्यान झाल्यावर चहा-बिस्किटं पुढे आली. कोणी प्यायले, कोणी नुसता कप हाती धरला. ही मेजवानी घडवून आणण्यात पुढाकार होता तो गोपाळराव जोशी यांचा, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंच्या यजमानांचा. नंतर त्यांनीच हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली, प्रायश्चित्तं झाली. लक्षात घ्या, दोष चहाचा नव्हता. तो कोणाच्या हातून आणि कोणाच्या पंगतीत घेतला, याचा होता. आज ‘ग्रामण्य’ हा शब्द कोशात जाऊन बसला आहे. पण विधिमंडळाच्या अधिवेशनाच्या आदल्या दिवशी विरोधकांनी ‘चहापानावर बहिष्कार’ टाकल्याची बातमी वाचली, की मला तो हटकून आठवतो. चहा आणि बहिष्कार यांची ओळख आपल्याकडे बरीच जुनी आहे.

एकदा पेय घरात रुळलं की भाषा त्याला कामाला लावते. दूध नसलेला तो ‘कोरा’ चहा. कोरा कागद, कोरं कापड, तसाच कोरा चहा. काम करून घ्यायचं तर ‘चहापाणी’ द्यावं लागतं, आणि त्यात चहा नसतो, पाणीही नसतं. आणि परसातल्या एका गवतालाही आपण चहाच म्हणू लागलो. गवती चहा, कोणी पातीचा चहा म्हणतं, कोणी हिरवा चहा. चहाच्या झाडाशी या गवताचं काही नातं नाही. ते आधणात पडतं, एवढाच संबंध. पण पेण-रोह्याच्या खेड्यांत मोरीचं पाणी जिथे जातं तिथे हे झुडुप हमखास असतं. रायगड जिल्ह्यात पिकणारा चहा तो एवढाच.

खऱ्या चहाचं काय? तो आसामात, दार्जिलिंगला, निलगिरीत पिकतो. तिथे त्याला ‘बागान’ म्हणतात, ‘बगिचा’ म्हणतात, तमिळ माणूस ‘तोट्टम्’ म्हणतो. इंग्रजीतही ‘टी गार्डन’च. मराठीत मात्र शाळेच्या भूगोलापासून आपण शिकत आलो ते ‘चहाचे मळे’. हा ‘मळा’ कुठून आला?

मळा हा आपला अगदी ओळखीचा शब्द. देशावर मळा म्हणजे विहिरीच्या पाण्यावरची जमीन. तिथे मोट चालायची, पाटाने पाणी खेळायचं, ऊस, मिरची, भाजीपाला व्हायचा. तळकोकणात मळा म्हणजे ओहोळाकाठची सपाट, ओल धरून ठेवणारी जमीन. दोन्हीकडे अट तीच: जमीन सपाट हवी आणि पाणी थांबायला हवं. आता चहाचं झाड पाहा. त्याला पाऊस भरपूर लागतो, पण मुळाशी पाणी साचलेलं मुळीच चालत नाही. म्हणून दार्जिलिंगला, निलगिरीत चहा डोंगराच्या उतारावर लावतात आणि आसामच्या सपाटीवर लावतात तेव्हा आधी चर खणून पाणी काढून देतात. म्हणजे मळ्याची जी खूण, तीच चहाला वर्ज्य. रायगडच्या एखाद्या ठाकराला किंवा कातकऱ्याला मुन्नारचा उतार दाखवला, तर तो त्याला मळा कधीच म्हणणार नाही. त्याच्याकडे डोंगरउतारावरच्या शेतीसाठी वेगळा शब्द आहे, ‘दळी’. दळीवर नाचणी-वरई पिकते. ‘चहाची दळी’ म्हटलं असतं तर ते जमिनीच्या दृष्टीने जास्त बरोबर ठरलं असतं. पण पुस्तकं लिहिणाऱ्यांच्या घरी दळी कशाला असेल? मला वाटतं, देशावरच्या माणसाने उन्हाळ्यात डोळे निवतील असं हिरवं एकच पाहिलं होतं, तो मळा. चहाच्या हिरवेपणाला त्याने तेच नाव दिलं. शब्द गोड आहे, पण त्याच्या पायाखाली जमीन नाही.

एरवी मराठीत बागेचे, शेताचे शब्द असे सैल नसतात. ते पाणी आणि माती पाहूनच पडलेले असतात. ‘बाग’ फारसीतून आला. ‘बगिचा’ही तिथलाच, आणि त्याचा अर्थ छोटी बाग. मुलकी कारभाराने त्यावरून ‘बागाईत’ केलं, आणि पावसावर पिकणारी जमीन ती ‘जिराईत’ ठरवली. मूळ अरबीत ‘झिराअत’ म्हणजे नुसती शेती, हरतऱ्हेची शेती. आपल्या दप्तरात येता येता ती कोरडवाहू झाली. महाराष्ट्रातला पाऊस पाहता, हा अर्थबदल कोणी मुद्दाम केला नसावा!

‘वाडी’ संस्कृत ‘वाटिके’वरून आली. कुंपण घातलेली जागा, ही तिच्यातली मूळ कल्पना. देशावर वाडी म्हणजे लहान वस्ती. अलिबागेपासून श्रीवर्धनपर्यंत मात्र ‘आमची वाडी आहे’ असं कोणी म्हटलं तर तो घरांविषयी बोलत नसतो, नारळी-पोफळींविषयी बोलत असतो. या वाड्यांच्या कडेने पोर्तुगिजांच्या वाटेने आलेली झाडं-पिकंही रुजली, आणि त्यांची नावंही राहिली. पेरू, पपई, अननस, काजू, बटाटा, कोबी ही सगळी नावं त्यांच्याकडून आलेली. आज कोणी कोबीला परकी म्हणत नाही.

पण या मुलखाचा खरा मानाचा शब्द ‘आगर’. त्याचं नातं संस्कृत ‘आकर’ शब्दाशी सांगतात. आकर म्हणजे खाण, साठा. ‘गुणांचं आगर’ आपण म्हणतो तेव्हा तोच अर्थ असतो. कोकणात आगर म्हणजे नारळ-सुपारीची बाग. गोव्यात ‘कुळागर’ म्हणतात, त्यातही आगर आहेच. आणि खाडीकाठी आगर म्हणजे मिठाचं. मिठागर. एका शब्दात गोड्या पाण्याची बाग आणि खाऱ्या पाण्याचं मीठ, दोन्ही. वरवर हे विचित्र दिसतं, पण काम करणाऱ्याच्या नजरेने पाहा. दोन्हीकडे सपाटी करायची, बांध घालायचे, आळी किंवा वाफे पाडायचे आणि पाणी मोजून आत घ्यायचं. पाण्याला शिस्त लावली की जे पिकतं ते आगरात पिकतं, मग ते सुपारी असो की मीठ. या आगरावरूनच ‘आगरी’ हे समाजाचं नाव पडलं, असं मानतात. डोलवीच्या आसपासच्या गावांत हाच समाज मोठ्या संख्येने आहे आणि पेणच्या खाडीतून मीठ बाहेर जात असे, हे जुन्या गॅझेटियरमध्ये नोंदलेलं आहे.

ही सारी भाषा नकाशावर उतरलेली आहे. मुरुडजवळ आगरदांडा आहे. अलिबाग तालुक्यात आगरसुरे आहे. चौलजवळ तर ‘बागमळा’ आहे. फारसी बाग आणि देशी मळा एकाच नावात, शेजारी शेजारी, काही भांडण न करता! खुद्द अलिबागचं नाव म्हणजे अलीची बाग. अली नावाच्या एका श्रीमंत माणसाने इथे विहिरी खणल्या, बागा लावल्या आणि त्यावरून गावाला नाव पडलं, अशी कथा १८८३ च्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरने दिली आहे. हा अली मुसलमान होता असं तिथे म्हटलं आहे. बेने इस्रायली मंडळी म्हणतात, तो आमच्यातला एली. मला स्वतःला त्या कथेत अलीपेक्षा विहिरी महत्त्वाच्या वाटतात. समुद्राच्या इतक्या जवळ गोडं पाणी लागलं, म्हणून बाग झाली आणि म्हणून नाव झालं.

आता पुन्हा खाडीच्या आतल्या बाजूला, डोलवीकडे येऊ. इथे बागांची नावं विरळ होतात आणि ‘खार’ सुरू होतो. पेण तालुक्यात खारपाडा आहे, खारपाले आहे, वर पनवेलकडे खारघर आहे. भरतीचं पाणी अडवून, बांध घालून जी जमीन समुद्राकडून घेतली, ती खार. पाणी बाहेर सोडण्यासाठी बांधात जी दारं ठेवतात त्यांना ‘उघाडी’ म्हणतात. बांध फुटला की ‘खांड’ पडते. आणि बांध राखण्यासाठी गावाने मिळून जे काम करायचं, त्या रीतीला ‘जोळ’ म्हणतात. अशा जमिनीत पावसाचं पाणी मीठ धुऊन काढतं, मग भात होतो. इथे पोफळ लागणार नाही. म्हणून इथल्या नावांत बाग नाही, खार आहे. नाव ठेवणाऱ्यांनी मातीची परीक्षा आधी केली होती आणि ती नावात लिहून ठेवली होती.

शहरांतली नावं तशी राहिली नाहीत, हे वेगळं सांगायला नको. मुंबईच्या लालबागेत बाग नाही आणि फणसवाडीत फणस बाजारातून येतो. पुण्यात तुळशीबागेत लोक बांगड्या-भांडी घ्यायला जातात. पण निदान नाव उरलं, त्यामुळे तिथे पूर्वी काय होतं हे विचारता तरी येतं. आता नवी रीत उलटी आहे. आधी वाडी तोडायची आणि मग तिथे उभ्या राहिलेल्या इमारतीला ‘गार्डन’ असं नाव द्यायचं.

डोलवीसारख्या ठिकाणी प्रश्न याहून अवघड आहे. इथला पोलाद कारखाना १९९० च्या दशकात ‘इस्पात’चा म्हणून उभा राहिला आणि २०१० नंतर ‘जेएसडब्ल्यू’कडे गेला. त्याने रोजगार दिला, बाजार दिला, रस्त्याला वर्दळ दिली. मी कारखान्याच्या विरोधात बोलायला आलेलो नाही. पण जमीन शेतातून कारखान्याकडे जाते तेव्हा कागदावर ती सर्व्हे नंबर आणि हेक्टर-आर म्हणूनच जाते. २००८ च्या सप्टेंबरात महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन द्यावी की नाही, यावर पेण तालुक्यातल्या २२ गावांत शेतकऱ्यांचं मत सरकारने घेतलं होतं. तो प्रकल्प पुढे झाला नाही. त्या काळात चर्चा चालायची ती हेक्टरांची आणि भावाची. त्या हेक्टरांत गावाने कशाकशाला काय म्हटलं होतं, याची चर्चा झाल्याचं मला आठवत नाही. आणि जमीन विकूनच नाव जातं असंही नाही. खांड बुजवली गेली नाही, तर खारं पाणी आत येतं, चार-सहा वर्षांत भाताच्या जागी कांदळवन उभं राहतं. मालक तोच असतो, नंबर तोच असतो, पण ज्या शेताला नाव होतं ते शेत नसतं.

गंमत अशी, की या नावांसाठी सरकारने जागा ठेवलेली आहे. आपला सात-बाराचा उतारा काढून पाहा. गट नंबर, क्षेत्र, आकार, भोगवटादार यांच्याबरोबर त्यावर एक रकाना असतो: ‘शेताचे स्थानिक नाव’. ज्याने तो नमुना तयार केला त्याला माहीत होतं, की शेतकरी नंबराने शेत ओळखत नाही. पुष्कळ उताऱ्यांवर मात्र हा रकाना रिकामा असतो. काही ठिकाणी तो पूर्वी भरलेला होता आणि नवी प्रत काढताना सुटला. काही ठिकाणी कोणी कधी विचारलंच नाही.

ज्यांना हे नाव शोधायचं असेल त्यांनी घरातल्या पुरुषांना नंतर विचारावं, आधी बायकांना विचारावं. पुरुषांना कचेरीत जाऊन जाऊन नंबर पाठ झालेले असतात. लावणीच्या दिवसांत मात्र, आज कुठे उतरायचं आहे, हे शेजारणीला सांगताना नंबर कोणी सांगत नाही. ‘बांधाजवळच्या’त, ‘वडाखाल’च्यात, ‘तळ्याकड’च्यात, असंच सांगतात. तेच त्या शेताचं नाव. ते त्या रकान्याच्या मापाने लिहून ठेवायचं म्हटलं, तर दोन-तीन शब्दांपेक्षा जास्त जागा लागत नाही.